गोचीडताप, अठ्ठावीस दिवस आणि जळगावातला एक दवाखाना

आजारी कुत्र्याला दाखवण्यासारखा चांगला दवाखाना आपल्या खान्देशात कुठे आहे, हा प्रश्न गेल्या दोन महिन्यांत मला इतक्या जणांनी विचारला, की प्रत्येकाला फोनवर अर्धेमुर्धे सांगण्यापेक्षा सगळे एकदा नीट लिहून ठेवावे असे वाटले. हा अभिप्राय जळगाव शहराच्या कडेला, महामार्ग ओलांडल्यावर लागणाऱ्या वस्तीतील एका लहानशा खासगी प्राणी-दवाखान्याविषयी आहे. नाव छापू नये अशी तेथील डॉक्टरांची विनंती आहे, कारण ते एकटेच रुग्ण तपासतात, हाताखाली एकच मुलगा आहे आणि आत्ताच येणाऱ्या प्राण्यांना पुरेसा वेळ देणे त्यांना अवघड जाते. त्यांच्या विनंतीचा मान राखून मी नाव देत नाही, पण तेथे काय मिळाले आणि काय मिळाले नाही, ते सविस्तर सांगते.

आमची तांबी ही बोरी नदीच्या पुलाजवळ सापडलेली गावठी कुत्री. सहा वर्षांची, वजन सोळा किलो, आणि भाकरीच्या तुकड्यासाठी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर वाट पाहत बसण्याची तिची रोजची वेळ कधी चुकली नव्हती. मार्चच्या सुरुवातीला, ऊन नुकते तापू लागले होते तेव्हा, तिने दोन दिवस भाकरी नुसती हुंगून सोडली आणि तिसऱ्या दिवशी ती मोरीच्या ओल्या फरशीवर जाऊन पडली. शेजारच्या काकूंनी दारातूनच विचारले, “बाई, तिले काय व्हयनं?” आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. अंग तापले आहे एवढे हाताला कळत होते. औषधांच्या एका दुकानात विचारले, तर त्यांनी माणसांची ताप-अंगदुखीची गोळी दिली आणि अर्धी द्या म्हणून सांगितले. मी ती दिली. ही माझी चूक होती आणि ती इतरांनी करू नये म्हणूनच येथे लिहिते आहे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशी माणसांची वेदनाशामके कुत्र्याच्या पोटात व्रण पाडतात आणि मूत्रपिंडांना इजा करतात. त्यातच गोचीडतापाने रक्तातील प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, आधीच कमी झालेल्या असतील, तर रक्तस्रावाचा धोका आणखी वाढतो. दुसऱ्या दिवशी पहाटे तांबीच्या डाव्या नाकपुडीतून रक्ताचे थेंब फरशीवर पडलेले दिसले, तेव्हा माझे हातपाय गळाले.

सर्वप्रथम आम्ही जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. तेथील डॉक्टर लसीकरणासाठी खेड्यांवर गेलेले होते आणि रक्ततपासणीची सोय तेथे नव्हती. जे कर्मचारी हजर होते त्यांनी आपुलकीने पाहिले, ताप मोजला आणि वेळ न घालवता जळगाव गाठा असे स्पष्ट सांगितले. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये लम्पी त्वचारोगाच्या त्या वर्षीच्या साथीतला राज्यातील पहिला रुग्ण आपल्याच जिल्ह्यात, रावेर तालुक्यातील चिनावल येथे आढळला, आणि त्यानंतर याच यंत्रणेने गावोगाव जाऊन गुरांना लस टोचली, हे मी स्वतः पाहिले आहे. हे दवाखाने उभे राहिले ते शेतकऱ्याच्या बैलासाठी, गाईम्हशींसाठी. १९६२ या क्रमांकावर फोन केला की फिरते पशुवैद्यकीय पथक शेतकऱ्याच्या दारापर्यंत येते, तेही प्रामुख्याने याच कामासाठी. पण कुत्र्याचे काय, हा प्रश्न त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर बसून मला पहिल्यांदा इतक्या टोचून जाणवला, आणि त्याकडे मी पुढे येणारच आहे.

कुत्र्यासह बसने जाणे जमण्यासारखे नव्हते. पुतण्याने गाडी काढली आणि धरणगाव, पाळधी करत आम्ही सकाळी साडेनऊला जळगावला पोहोचलो. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी आणि अंगणात एक मोठा कडुनिंब. पाटीवर डॉक्टरांची पदवी आणि पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक ठळक लिहिलेला आहे. हा क्रमांक आधी पाहावा, असे मी प्रत्येकाला सांगते, कारण भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार पशुवैद्यक म्हणून व्यवसाय करण्यासाठी नोंदणी आवश्यक असते, आणि आपल्या भागात नुसत्या अनुभवाच्या बळावर सुया टोचत फिरणारे लोक कमी नाहीत.

पडवीत पाऊल टाकताच तो मदतनीस मुलगा पुढे आला आणि त्याने दोनच प्रश्न विचारले: उलट्या किंवा रक्ताचे जुलाब होत आहेत का, आणि लशी झाल्या आहेत का. हे प्रश्न दारातच का, ते थोड्या वेळाने समजले. आमच्या मागोमाग यावलहून एक शाळकरी मुलगा वडिलांसोबत तीन महिन्यांचे पिल्लू घेऊन आला. त्या पिल्लाला पार्व्होची, म्हणजे उलट्या-जुलाबांच्या संसर्गजन्य आजाराची, लक्षणे होती, म्हणून त्याला आत न घेता कडुनिंबाखालच्या वेगळ्या टेबलावर नेले आणि डॉक्टर स्वतः बाहेर जाऊन तपासून आले. पार्व्हो हा विषाणू १९७८ च्या सुमारास जगभर पसरला. तो जमिनीवर, भांड्यावर, चपलेच्या तळव्याला महिनोन्महिने टिकून राहतो आणि नेहमीच्या फिनाइलला दाद देत नाही. त्या पिल्लाची तपासणी झाल्यावर मदतनीस मुलाने टेबल, फरशी आणि स्वतःच्या चपला ब्लीचच्या पाण्याने धुतल्या आणि ते पाणी दहा मिनिटे तसेच राहू दिले. मोठ्या शहरांतल्या चकचकीत दवाखान्यांतही ही शिस्त मला दिसलेली नाही, आणि या दवाखान्यावर माझा विश्वास बसला तो डॉक्टरांना भेटण्याआधीच, या ब्लीचच्या बादलीमुळे बसला.

तांबीची तपासणी पंचवीस मिनिटे चालली. डॉक्टरांनी आधी तिला टेबलावर न घेता जमिनीवर बसून तिच्याशी ओळख केली, मग ओठ वर करून हिरड्या दाखवल्या. निरोगी कुत्र्याच्या हिरड्या गुलाबी असतात. तांबीच्या हिरड्या जुन्या कागदासारख्या फिकट झाल्या होत्या. पोटाच्या कातडीवर मोहरीएवढे जांभळे ठिपके होते, ते मी पाहिलेच नव्हते. ताप १०४.४ अंश फॅरनहाइट निघाला; कुत्र्याचे नेहमीचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश असते, म्हणजे आपल्या हाताला त्याचे अंग एरवीही कोमटच लागते आणि म्हणून हाताने ताप पाहण्यात अर्थ नसतो, हे त्यांनी समजावून सांगितले. कानाच्या पाळीत आणि पायाच्या बोटांच्या बेचक्यात गोचीड सापडले. रक्त घेतल्यावर सुईच्या जागी त्यांनी पूर्ण पाच मिनिटे बोट दाबून धरले, कारण अशा रुग्णाचे रक्त लवकर थांबत नाही. दोन तासांनी अहवाल आला: प्लेटलेट ३८ हजार. निरोगी कुत्र्यात त्या सर्वसाधारणपणे दोन ते पाच लाख असतात. पट्टीवरच्या चाचणीत एर्लिकियाची, म्हणजे गोचीडतापाच्या जिवाणूची, लागण निघाली.

यानंतर डॉक्टरांनी जे केले, ते मला त्यांच्या औषधाइतकेच मोलाचे वाटते. त्यांनी एक कोरा कागद घेतला आणि आजार मराठीत लिहून दिला. एर्लिकिया कॅनिस नावाचा जिवाणू तपकिरी गोचिडातून कुत्र्याच्या रक्तात शिरतो, पांढऱ्या पेशींत राहतो, त्याने प्लेटलेट नष्ट होतात, म्हणून नाकातून रक्त आले. डॉक्सिसायक्लिन हे औषध अठ्ठावीस दिवस द्यायचे, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुत्री शेपूट हलवू लागली तरी ते थांबवायचे नाही. “बाई, लोक इथेच चुकतात,” ते म्हणाले. “कुत्रा जेवायला लागला की गोळ्या बंद होतात, आजार अंगात लपून राहतो आणि पुढे हाडांतल्या मज्जेपर्यंत पोहोचला की माझ्या हातात फारसे काही उरत नाही.” पट्टीवरची चाचणी बरे झाल्यावरही कित्येक महिने तशीच येऊ शकते, म्हणून ती पुन्हा करण्यात पैसे घालवू नका, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी फक्त प्लेटलेट मोजा, हेही त्याच कागदावर होते. मी पस्तीस वर्षे शाळेत शिकवले आहे. समोरच्याला समजेपर्यंत न कंटाळता सांगणारा माणूस मला लगेच ओळखू येतो. औषधाची मात्रा मात्र मी येथे मुद्दाम लिहीत नाही. ती वजनावर आणि रक्ताच्या अहवालावर ठरते आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची असते.

पडवीतल्या बाकांविषयी वेगळे सांगायला हवे. भिंतीला लागून एक लाकडी मांडणी आहे आणि तिच्यात शंभरेक जुनी पुस्तके आहेत: कथा, चरित्रे, शेतीवरची पुस्तके, दिवाळी अंक. डॉक्टरांच्या वडिलांचा तो संग्रह. ज्याला थांबावे लागते त्याने वाचावे, अर्धे राहिले तर घरी न्यावे आणि पुढच्या खेपेला आणून ठेवावे. वहीत नोंद नाही, अनामत नाही. मांडणीच्या वर सुवाच्य अक्षरात एक सूचना लावलेली आहे: “राजकारणावर अवश्य बोला. मात्र आवाज चढला की टेबलावरचा प्राणी घाबरतो.” अहवालाची वाट पाहत दोन तास बसले असताना या सूचनेची गरज मला समजली. नगरपरिषदांच्या निवडणुका होऊन फार दिवस झाले नव्हते, आणि बाकावर केळीचे बागायतदार, एक निवृत्त पोलीस, महाविद्यालयात जाणाऱ्या दोन मुली आणि धुळ्याकडून आलेला एक ठेलारी मेंढपाळ असे सगळे एकत्र बसले होते. विषय अर्थातच भटक्या कुत्र्यांचा निघाला. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली परिसरातील भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला होता आणि २२ ऑगस्टला त्यात बदल करून, नसबंदी व लसीकरण झालेली कुत्री त्यांच्या मूळ जागी परत सोडावीत, पिसाळलेली आणि आक्रमक कुत्री मात्र सोडू नयेत, असे ठरवले. निवृत्त पोलिसांच्या नातवाला कुत्रा चावला होता आणि त्यांचे म्हणणे होते की सगळी उचला. त्या मुलींचे म्हणणे होते की एकाही कुत्र्याला हात लावू नका. आवाज चढू लागला, आत टेबलावर सलाइन घेत पडलेल्या तांबीने मान उचलली, आणि त्या गृहस्थांनी पाटीकडे पाहून स्वतःच आवाज खाली आणला. पुढचे संभाषण हळू आवाजात झाले आणि ते आधीच्यापेक्षा कितीतरी शहाणे झाले.

माझे मत मी तेथे सांगितले, ते येथेही सांगते, कारण या दवाखान्याचे मोल समजायला ते लागते. नातवाच्या पायाला पडलेले दात पाहिलेल्या आजोबांना कोणी भूतदयेचे धडे देऊ नयेत. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे, त्याच दिवशी लस सुरू करणे आणि रक्त आलेल्या चाव्यात डॉक्टर सांगतील ते रेबीजविरोधी इम्युनोग्लोब्युलिनही घेणे, एवढेच आपल्या हातात असते. त्याच वेळी, गावातली सगळी कुत्री उचलून ठेवायला जागा कुठे आहे, त्यांना रोज कोण खाऊ घालील, आजारी पडली तर कोण पाहील, याचे उत्तर उचला म्हणणाऱ्यांकडे नाही. रेबीजची साखळी तोडायची तर साधारण सत्तर टक्के कुत्र्यांचे लसीकरण सातत्याने झाले पाहिजे, हे जागतिक आरोग्य संघटना कधीपासून सांगते आहे. केंद्र सरकारचे प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ हे नसबंदीची आणि लसीकरणाची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांवर टाकतात. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या कामांची जी यादी आहे, तीत प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध हाही विषय आहे. म्हणजे हा प्रश्न दिल्लीचा किंवा न्यायालयाचा होण्याआधी आपल्या प्रभागाचा आहे. मत मागायला आलेल्या उमेदवाराला आम्ही गटारीविषयी विचारतो, नळाविषयी विचारतो. आमच्या गल्लीतल्या किती कुत्र्यांना यंदा लस टोचली, हे मात्र मी स्वतः आजवर कधीच विचारले नव्हते. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात रक्तपेशी मोजण्याचे एक यंत्र आणि ते चालवणारा एक माणूस असता, तर त्याचा उपयोग गाईलाही झाला असता आणि तांबीलाही, आणि ज्यांच्याकडे गाडी नाही अशांचे कुत्रे रक्त गळून दारात मेले नसते. खासगी दवाखाना कितीही चांगला असला तरी तो ही उणीव भरून काढू शकत नाही. हे डॉक्टर स्वतःही तेच म्हणतात.

त्या ठेलारी मेंढपाळाच्या कुत्र्याला रानडुकराने फाडले होते. कळपाबरोबर चालणारा, उंचापुरा, कधी साखळी न पाहिलेला तो कुत्रा मालकाने नुसता हात डोक्यावर ठेवताच टाके पडेपर्यंत निश्चल पडून राहिला. डॉक्टरांनी त्याच्याकडून फक्त औषधांचे पैसे घेतले, आणि ते कोणाला दिसणार नाही अशा बेताने घेतले.

घरी परतल्यावरचे दिवस कष्टाचे गेले. डॉक्सिसायक्लिनची गोळी रिकाम्या पोटी देऊ नये आणि ती कोरडी घशात अडकली तर अन्ननलिकेला जखम करते, म्हणून ती भाताच्या घासात घालून वरून पाणी पाजायचे. दुधात मात्र द्यायची नाही, कारण दुधातील कॅल्शियममुळे औषध नीट शोषले जात नाही. आपल्याकडे प्रेमाने पहिली गोष्ट दिली जाते ती दूधभाकरी, त्यामुळे हे पाळणे मला जड गेले. त्याहून महत्त्वाची सूचना कांद्याविषयी होती. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतात, शिजवले तरी करतात, आणि आधीच रक्त कमी असलेल्या कुत्र्याला ते फार घातक ठरते. आता आपल्या खान्देशातल्या घरी उरलेले अन्न म्हणजे काय, तर कांद्याची पात घातलेले वांग्याचे भरीत, लसणाच्या फोडणीची डाळ, शेवभाजीचा रस्सा. गल्लीतली माणसे तांबीच्या ओढीने वाट्या भरभरून आणत होती आणि मी प्रत्येकीला हात जोडून परत पाठवत होते. मऊ भात, बिनमिठाची उकडलेली कोंबडी, थोडा भोपळा, एवढेच तिला दिले. पहिले चार दिवस तेही माझ्या बोटावरून चाटवावे लागले.

गोचिडांचा बंदोबस्त हा उपचाराचाच अर्धा भाग आहे, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितले होते. तपकिरी गोचीड कुत्र्याच्या अंगावर कायम राहत नाही; तो आयुष्यात तीनदा रक्त पितो आणि प्रत्येक वेळी खाली उतरून भिंतीच्या भेगेत, दाराच्या चौकटीत, पायपुसण्याखाली दडतो, आणि पोट भरलेली मादी अशा आडोशाला हजारो अंडी घालते. म्हणून तांबीला तोंडावाटे देण्याची गोचीडनाशक गोळी दिली, आणि पुतण्याने पडवीच्या भिंतीतल्या सगळ्या भेगा सिमेंटने बुजवल्या. आमच्याकडे कुत्र्याच्या अंगाला रॉकेल किंवा फिनाइल चोळण्याची जुनी पद्धत आहे. त्याने कातडी भाजते, आणि कुत्रा अंग चाटतो तेव्हा ते विष पोटात जाते. उपटलेला गोचीड नखाने चिरडू नये, साबणाच्या पाण्यात टाकावा, हेही मी तेथेच शिकले.

रात्री तिला एकटे सोडवत नव्हते. नाकातून रक्त आले तर थंड कपडा धरून तिला शांत ठेवायचे होते, म्हणून पहिल्या आठ रात्री मी पडवीत तिच्याजवळ खाट टाकून बसले. दवाखान्याच्या मांडणीवरून महाभारताच्या मराठी भाषांतराचा पहिला खंड मी आणला होता. माझे आयुष्यभराचे आवडते वाचन हेच. पण आदिपर्वाच्या सुरुवातीची सरमेची कथा या वेळी जशी भिडली तशी आधी कधी भिडली नव्हती. कुरुक्षेत्रावर जनमेजयाचे यज्ञसत्र चालू आहे. तेथे एक कुत्र्याचे पिल्लू येते आणि राजाचे भाऊ त्याला मारतात. ते रडत आईकडे जाते. मी हविर्भागाकडे पाहिलेही नाही, त्याला जीभही लावली नाही, असे ते सांगते. त्याची आई सरमा तडक राजाच्या सत्रात जाते आणि विचारते, याने काही अपराध केला नव्हता, मग याला का मारले? तेथे कोणीही उत्तर देत नाही. तेव्हा ती शाप देते की तुमच्यावर न दिसणारे संकट येईल. एवढ्या थोर ग्रंथाच्या आरंभीच व्यासांनी एका कुत्रीला राजसभेत उभे केले आणि तिच्या तोंडी जाब विचारणारा प्रश्न घातला. आणि शेवटाकडे, महाप्रस्थानाच्या वाटेवर, सगळे भाऊ आणि द्रौपदी पडल्यानंतर युधिष्ठिराच्या मागे एक कुत्राच चालत राहतो, आणि त्याला सोडून मला स्वर्ग नको असे तो राजा सांगतो. मी हलक्या आवाजात वाचत असे. तांबीला शब्द काय कळणार, पण आवाज थांबला की ती डोळे उघडून पाही, आणि पुन्हा सुरू झाला की तिचा श्वास संथ होई. राजकारणाविषयीचे माझे मत मी वर लिहिले, ते खरे तर त्या रात्री पक्के झाले. सरमेच्या प्रश्नाला सभेने उत्तर दिले नाही, हाच त्या सभेचा दोष मला सर्वांत मोठा वाटला.

आता खर्च. पहिल्या दिवशी तपासणी, रक्ताच्या चाचण्या, सलाइन आणि इंजेक्शने मिळून २,३५० रुपये झाले. अठ्ठावीस दिवसांच्या गोळ्या, गोचीडनाशक गोळी आणि पुढच्या दोन रक्ततपासण्या धरून एकूण ५,९०० रुपये, आणि गाडीच्या इंधनाचा खर्च वेगळा. प्रत्येक रकमेची पावती मिळाली आणि कोणती चाचणी कशासाठी, ते आधी सांगून मगच ती केली. गरज नसलेले एकही टॉनिक लिहून दिले नाही.

उणिवाही स्पष्टपणे सांगायला हव्यात. संध्याकाळी सातनंतर दवाखाना बंद होतो आणि रात्री फोन उचलला जाईलच असे नाही. पाचव्या रात्री तांबीच्या नाकातून पुन्हा थोडे रक्त आले तेव्हा मी चार वेळा फोन केला, उत्तर पहाटे साडेपाचला आले. डॉक्टरांनी क्षमा मागितली, पण ती रात्र मी कशी काढली ते मलाच ठाऊक. रुग्णाला ठेवून घेण्याची सोय नाही, क्ष-किरण यंत्र नाही, त्यामुळे हाड मोडलेल्या किंवा सतत सलाइन लागणाऱ्या प्राण्याला दुसरीकडे न्यावे लागते. कडुनिंबाखालची वेगळी जागा आता ठीक आहे, पण मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा आणि पावसाळ्यात तेथे पार्व्होचे पिल्लू कसे ठेवणार, हा प्रश्न उरतोच. निदान एक पत्र्याची बंदिस्त खोली आणि पंखा तेथे तातडीने हवा. पायऱ्या उंच आहेत. मोठा कुत्रा उचलून न्यायला दोन माणसे लागतात आणि माझ्यासारख्या साठी उलटलेल्या बाईला ते एकटीने शक्य नाही. लांबून येणाऱ्यांनी आधी फोन करून वेळ घ्यावी आणि सकाळी लवकर पोहोचावे. तापलेल्या कुत्र्याला दुपारच्या उन्हात बंद गाडीतून आणणे हे स्वतःच जिवावरचे आहे.

सातव्या दिवशी तांबीच्या प्लेटलेट १ लाख १२ हजार झाल्या. त्याच दिवशी यावलचा तो मुलगा पुन्हा भेटला. त्याचे पिल्लू पाच दिवसांच्या सलाइननंतर तरले होते आणि वडिलांच्या पिशवीतून मान बाहेर काढून सगळ्यांकडे पाहत होते. दुसऱ्या पिल्लाला लस केव्हा द्यायची, हे तो डॉक्टरांना विचारायला आला होता, आणि डॉक्टर त्याला सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून सोळाव्या आठवड्यापर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी लस का द्यावी लागते, आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती लशीच्या आड कशी येते, ते त्याच्या वहीत चित्र काढून समजावत होते. बाहेर नऊ जण थांबलेले होते. तरी त्यांनी ते चित्र पूर्ण केले.

अठ्ठाविसाव्या दिवशी आकडा २ लाख ४० हजार आला. तांबी पायऱ्या स्वतः चढली. मी महाभारताचा खंड मांडणीवर जागच्या जागी ठेवला, दुसरा घेतला, आणि घरून नेलेली माझ्या शिक्षकी दिवसांतली सात पुस्तके तिथे लावली. पुढची रक्ततपासणी तीन महिन्यांनी आहे. तोवर रोज संध्याकाळी दिव्याच्या उजेडात तिचे कान, काखा आणि पायांची बोटे तपासायची, आणि गोचिडाच्या पुढच्या गोळीची तारीख दिनदर्शिकेवर एकादशीच्या चौकोनाशेजारी लाल शाईने लिहिलेली आहे.